कसं मेलात ते सांगा

“बाई, जरा थांबा. मी मरून राहिले.”

शाहेदाआपांच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. लातूरला मी ज्या कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायचे, त्याच इमारतीत जिन्याखालच्या खोलीत त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मी हातात लाकडी फूटपट्टी घेऊन त्या दुकानावर धाड घालायला गेले होते. आत बघते तर पन्नाशीच्या एक बाई बुटक्या स्टुलावर बसलेल्या, ओढणी कानामागे खोचलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि दोन्ही हातांत रिमोट. पडद्यावरचा माणूस डावीकडे वळला की बाई डावीकडे कलायच्या. तो उडी मारायचा तेव्हा बाईंच्या टाचा जमिनीवरून सुटायच्या. मी घाबरून विचारलं, “पाणी देऊ का?”

“पाणी टीव्हीवर हाय. त्याला हात लावू नका.”

खरंच, टीव्हीच्या डोक्यावर काचेचा एक ग्लास भरून ठेवलेला होता. एवढ्यात टीव्हीतून रडका सूर निघाला. आपांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि फौजदारापुढे जबानी द्यावी तसं मोठ्यानं म्हणाल्या, “घाई केली. खड्डा दिसला होता. दिसला तरी उडी लवकर मारली. चूक माझी.” मग माझ्याकडे वळल्या. “हां. आता बोला.”

तेव्हाची मी कशी होते, हे आधी सांगायला हवं, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी कीव येणार नाही. माझा चष्मा जाड काड्यांचा होता आणि अक्कलही तेवढीच जाड. केसांना इतकं तेल की माशी बसली तर घसरावी. भूकंपाला जेमतेम वर्ष होत होतं. घरांच्या भेगा अजून बुजल्या नव्हत्या आणि गावात क्लास मात्र रोज एक नवा उघडत होता. उदगीर, जळकोट, पार हिमायतनगरकडची मुलं ट्रंका घेऊन लातूरला उतरत होती. या सगळ्यांना डॉक्टर-इंजिनिअर करायची जबाबदारी देवानं माझ्या एकटीच्या डोक्यावर ठेवली आहे, अशी माझी खात्री होती. देवाला असं काही ठाऊक नव्हतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

“तुमच्या या फालतू खेळांनी पोरं वाया चाललीत,” मी म्हटलं.

“कोणता फालतू?”

“सगळेच.”

“तुम्ही कोणता खेळलात?”

“मी? मी कशाला खेळू?”

आपांनी चष्मा वर सरकवला. “मी एक कॅसेट आठ दिवस खेळल्याबिगर तिच्याबद्दल एक अक्षर बोलत न्हाई. आणि तुम्ही चाळीस कॅसेटींचा निकाल उभ्या उभ्या लावला. पेपर न तपासता मार्क देता काय वर्गात?”

मी फूटपट्टी आपटून बाहेर पडले. पण ते शेवटचं वाक्य माझ्याबरोबर जिना चढून वर आलं.

आपा मूळच्या उदगीरच्या. त्यांचे यजमान करीमभाई टीव्ही दुरुस्त करायचे. कुणीतरी मोडका व्हिडिओ गेम दुरुस्तीला टाकून गेला आणि परत आलाच नाही. करीमभाईंनी तो नीट केला आणि त्यांचा त्यातला रस संपला, कारण त्यांना फक्त उघडलेला टीव्ही आवडायचा. चालू टीव्हीकडे ते ढुंकूनही बघत नसत. आपांनी मात्र नीट झालाय का हे बघायला म्हणून रिमोट हातात घेतला, तो दोन वर्षं खाली ठेवला नाही. पुढे त्याचंच दुकान झालं.

त्या दुकानात प्रत्येक कॅसेटला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधलेला असायचा. त्यावर आपांचं मत. गिऱ्हाइकानं आधी ते वाचायचं, मग कॅसेट मागायची. स्वतःच्या मालाला नावं ठेवणारं दुसरं दुकान मी आयुष्यात पाहिलेलं नाही. मोटारसायकलच्या गेमवर लिहिलं होतं, ‘दिसायला झकास, आत काय नाही. तीच झाडं परत परत येतात. लातूर-नांदेड रस्ता यापेक्षा अवघड, तिथं म्हैस तरी आडवी येते.’ मारामारीच्या गेमवर, ‘दोघं भेटतात आणि नाव-गाव न विचारता मारतात. एकच बटण दाबत बसला तर येडा पण जिंकतो. ज्याला जिंकायची सवय न्हाई त्यानं एकदा खेळावा, मग सोडावा.’ बदकं मारायच्या गेमवर, ‘नेम चुकला की कुत्रा हसतो. गर्विष्ठ माणसाला औषध.’

एका कॅसेटवर छापलेलं होतं की आत नऊशे नव्याण्णव गेम आहेत. आपांनी त्यावर काट मारून ‘सहा’ लिहिलं होतं. “मी मोजले ना,” त्या सांगायच्या. “सहाच हायत. बाकीचे तेच, कपडे बदलून आलेले.” एकदा आमच्या क्लासच्या दारावरचा गुणवंतांच्या फोटोंचा मोठा फलक बघत त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग मला शांतपणे म्हणाल्या, “बाई, हे पण मोजू का?” मी घाईघाईनं त्यांना चहाला नेलं. त्यातला एक मुलगा एकदा चष्मा लावून आणि एकदा चष्म्याविना होता, हे मला माहीत होतं.

पण चहापर्यंत मामला कसा गेला, ते सांगायचं राहिलं. झालं असं की आमच्या सरांनी, म्हणजे क्लासच्या मालकांनी, ते दुकान इमारतीतून हलवायचं ठरवलं. जागा बसवराजअप्पांची. अप्पा धान्याचे व्यापारी, सरळ माणूस. ते म्हणाले, लेखी तक्रार द्या, मग बघू. माझं अक्षर वळणदार, म्हणून तक्रार लिहायचं काम माझ्याकडे आलं. आणि पेपर न तपासता मार्क द्यायला माझा हात धजेना. मी ठरवलं, आपण पुराव्यानिशी लिहायचं. त्यासाठी दुपारी एक ते तीन, क्लास बंद असताना, जाऊन एकेक गेम खेळून बघायचा. निव्वळ अभ्यास म्हणून.

हा अभ्यास तीन आठवडे चालला.

पहिल्या दिवशी मी रिमोट उलटा धरला. दुसऱ्या दिवशी पदर कमरेला खोचला. चौथ्या दिवसापासून डबा न खाताच जिना उतरायला लागले. अंगठ्याला फोड आला तेव्हा आमच्या ह्यांनी विचारलं, “हे काय झालं?” मी म्हटलं, “खडूनं.” वीस वर्षं खडू धरला तेव्हा कधी फोड आला नव्हता, हे त्या भल्या माणसाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल.

दुकानाचा खरा कायदा मला पहिल्याच दिवशी कळला. तुमचा डाव संपला की आपा विचारायच्या, “कसं मेलात ते सांगा.” खरं कारण सांगितलं, म्हणजे स्वतःची चूक सांगितली, की एक डाव फुकट. रिमोटला नाव ठेवलं, शेजाऱ्यानं धक्का दिला म्हटलं, की उठायचं. माफी फक्त दोन गोष्टींना, लाइट गेली तर आणि जमीन हलली तर. “त्या दोन्ही आपल्या हातात न्हाईत,” आपा म्हणायच्या. तेव्हा छोटे हादरे अधूनमधून बसतच होते, त्यामुळे हरणारा प्रत्येक जण ‘आपा, हादरा!’ म्हणून ओरडायचा. टीव्हीवरचा ग्लास त्याच्यासाठीच होता. टीव्हीवर पाणी ठेवलेलं बघून करीमभाईंच्या काळजात रोज धस्स व्हायचं, पण ग्लास तिथून हटला नाही. पाणी थरथरलं तर हादरा खरा, नाहीतर सरळ झूट.

मी पहिला डाव खड्ड्यात पडून संपवला आणि म्हटलं, “बटण अडकलं.”

“उठा.”

“अहो आपा, खरंच…”

“करीमभाईनं सकाळी साफ केलंय बटण. उठा बाई.”

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, “हादरा बसला वाटतं.” आपांनी ग्लासकडे बघितलं. “पाणी तर झोपलंय.” परत उठले. आठवडाभर मला एकही फुकट डाव मिळाला नाही. वर्गात मुलांना ‘आपली चूक कबूल करायला शिका’ असं फळ्यावर लिहून शिकवणारी मी, पण स्वतःच्या तोंडून ते वाक्य निघेना. शेवटी एका दुपारी वैतागून म्हटलं, “मला वाटलं मला येतंय. येत नव्हतं.” आपा इतक्या खूश झाल्या की त्यांनी पुढचे दोन डाव फुकट दिले आणि करीमभाईंना भजी आणायला पिटाळलं.

उड्या मारायचा गेम हा आपांचा सर्वांत आवडता. त्यात एक माणूस कुणा राजकन्येला सोडवायला खड्डे ओलांडत जातो. “ही बाई दरवेळी पकडली जातेच कशी, ते मला समजत न्हाई,” आपा म्हणायच्या. “तिचं पण काहीतरी चुकत असंल. पण उडी मात्र लई इमानदार. जेवढं दाबाल तेवढीच. कमी न्हाई, जास्त न्हाई. असं माणूस मिळत न्हाई.” दोन शिपायांनी मिळून खेळायचा एक गेम होता. त्यात पुढचा फार पुढं पळाला की मागचा पडद्याबाहेर राहून मरायचा. त्यावर आपांनी लिहिलं होतं, ‘दोस्तीचा इम्तिहान. क्लासवाल्या पोरांनी जरूर खेळावा.’ मी लाल पेनानं त्यातली एक वेलांटी सुधारली. आपांनी पुठ्ठा न्याहाळून विचारलं, “मत पटलं का, ते सांगा की.” पटलं होतं.

एक कॅसेट मात्र वरच्या फळीवर कापडात गुंडाळलेली असायची. वरून विटा पडायच्या आणि खाली रांगेत बसवायच्या, असा तो गेम. पोरं मागायची तेव्हा आपा म्हणायच्या, “तो सुट्टीवर हाय.” मी एकदा विचारलं, तो पण फालतू का? “न्हाई हो. सगळ्यांत अस्सल तोच. त्याच्यात नशिबाचं नाव घेता येत न्हाई.” मग म्हणाल्या, “माझी मावसबहीण किल्लारीकडं दिली होती. भिंत पडलेली मी बघून आले. आता ते पडद्यावर पडताना बघवत न्हाई.” आणि लगेच, “तुमचा डाव हाय, बघा तिकडं, मरून राहिलात.”

याच दिवसांत वर्गात एक गोष्ट घडली. जळकोटची सुरेखा नावाची मुलगी, हुशार, पण चाचणीत तिचं एक गणित चुकलं. मी विचारलं, कसं काय? असा प्रश्न विचारला की वर्गात ठरलेली उत्तरं यायची. पेपर लांब होता, डोकं दुखत होतं, पेन चालत नव्हतं. ही उभी राहून म्हणाली, “बाई, पद्धत येत होती. उत्तर दिसायला लागलं तशी घाई केली. चूक माझी.” तिला ते वाक्य कुठं मिळालं, हे मला विचारावं लागलं नाही. शिवाय क्लासच्या वेळेत दप्तरवालं कुणी दिसलं की आपा त्याला बखोट धरून वर पाठवायच्या, हेही मी जिन्यावरून येता-जाता बघत होते.

आता पुढचं सांगते. इथं मी पाण्याचा घोट घेते.

अप्पांनी एका दुपारी क्लासच्या हॉलमध्ये बैठक बोलावली. दहा-बारा पालक, आमचे सर, एका बाजूला आपा आणि करीमभाई. माझ्यापुढे माझ्याच अक्षरातली तक्रार, आणि मान म्हणून काचेच्या ग्लासात पाणी. तक्रार शेवटी मी सरांनी सांगितली तशीच लिहून दिली होती, ‘मुले वर्ग बुडवून तेथे बसतात.’ आणि पर्समध्ये माझी वही होती, तिच्यात तीन आठवड्यांत मी स्वतः बघितलेलं सगळं. त्या वहीप्रमाणे तक्रारीतलं एकही वाक्य खरं नव्हतं.

अप्पा म्हणाले, “हे बघा, मला त्या गेममधलं काय कळत न्हाई. मॅडम शिकल्या-सवरल्या हायत. त्या म्हणतील तसं करू. मॅडम, तुम्ही स्वतः आत जाऊन बघितलं का, काय चालतं ते?”

एक शब्द पुरे होता. हो. पण हो म्हटलं की ‘किती वेळा?’ हा प्रश्न आला असता. सर भुवया उंचावून बघत होते. पालकांमध्ये आमच्या ह्यांच्या बँकेतले एक साहेबही होते. डोळ्यांपुढे मी मला दिसले, कमरेला पदर खोचलेली, खड्ड्यावरून उडी मारताना स्टुलावरून अर्धवट उठलेली. आणि मी म्हणाले, “छे! मी त्या दुकानाची पायरीसुद्धा चढलेली नाही. पण ऐकून आहे.”

करीमभाई खाली बघायला लागले. सर समाधानानं मागे टेकले. अप्पांनी विचारलं, “आपा, तुमचं काय म्हणणं?”

त्यांनी सांगितलं असतं, तर माझी नोकरी नाही तरी अब्रू तिथल्या तिथं गेली असती. माझा हात टेबलावर होता, तो कापत होता, आणि त्याबरोबर टेबलही. आपांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. त्या माझ्या ग्लासकडे बघत होत्या.

“माझं काय न्हाई,” त्या म्हणाल्या. “बाईंच्या ग्लासातलं पाणी हलून राहिलंय, तेवढं बघा. हादरा असंल. हादऱ्यात मेलेलं मी धरत नसते.”

वाक्याचा उत्तरार्ध कुणी ऐकलाच नाही. ‘हादरा’ हा शब्द तेव्हा लातूरमध्ये नुसता उच्चारायची खोटी होती. “भाय्येर! भाय्येर पळा!” बँकेतले साहेब खुर्ची ओलांडून गेले. सर, ज्यांना मी कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं, ते दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले. अप्पांची टोपी आत राहिली. पाच मिनिटांत सगळी बैठक रस्त्यावर उभी होती आणि इमारतीकडे बघत होती. इमारत जागच्या जागी होती. आत फक्त मी बसले होते, कारण हादरा कुठं बसला हे मला एकटीला ठाऊक होतं. आपा जाता जाता दारात थांबल्या. ‘कसं मेलात’ हे विचारायला लागतो तेवढाच वेळ त्यांनी माझ्याकडे बघितलं. विचारलं काही नाही.

महिनाअखेर दुकान गेलं. कॅसेटी, टीव्ही आणि ग्लास घेऊन दोघं नांदेडला करीमभाईंच्या भावाकडे गेली. जिन्याखाली नोट्सच्या झेरॉक्सचं मशीन बसलं. एक ते तीन मी वरच बसून डबा खायला लागले, आणि चव कशालाच नव्हती.

चार महिने मी स्वतःला वेगवेगळी कारणं देऊन बघितली. सरांनी लिहायला लावलं. साहेब समोर होते. अप्पांनी प्रश्नच तसा विचारला. प्रत्येक वेळी आतून कुणीतरी म्हणायचं, ‘उठा बाई.’ शेवटी एका सकाळी अप्पांच्या आडतीवर जाऊन मी सगळं सांगितलं, वहीसकट. अप्पांनी वही उघडून वाचली. “बदकाच्या गेमला तुम्ही नापास केलंय,” एवढंच म्हणाले. मग म्हणाले, “मॅडम, तेव्हा सांगायचं की ओ. आता झेरॉक्सवाल्याला जबान देऊन बसलो.” सरांना सांगितलं तेव्हा ते माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. त्या दोन महिन्यांत माझं शिकवणं बरंच सुधारलं.

नांदेड माझं माहेर. दिवाळीला गेले तेव्हा पत्ता काढत आपांच्या दुकानात पोचले. भावाच्या घराची पुढची खोली होती. दुपारची वेळ. फळीवर तेच पुठ्ठे, टीव्हीवर तोच ग्लास, आणि कोपऱ्यात करीमभाई एका उघड्या टीव्हीत डोकं घालून बसलेले. आपा खेळत होत्या. मी दारात उभी राहिले. त्यांचा डाव संपेपर्यंत थांबले, कारण तेवढं तरी मी शिकले होते.

त्यांनी मान वळवली. आश्चर्य नाही, राग नाही. “कसं मेलात ते सांगा,” म्हणाल्या.

मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले. “आपा, हादरा नव्हता,” म्हटलं. “मी भ्याले. लोक हसतील म्हणून भ्याले. मला सगळं माहीत होतं, तरी खोटं बोलले. चूक माझी.”

आपांनी ग्लासकडे बघितलं, सवयीनं. मग पायानं एक स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि वरच्या फळीकडे हात नेला. कापडाची घडी सोडून त्यांनी ती विटांची कॅसेट काढली, फुंकर मारली आणि बसवली. तिच्याही गळ्यात आता पुठ्ठा होता. कोरा.

“सुट्टी संपली हिची?” मी विचारलं.

“किती दिवस बसवून ठेवायची? आठ दिवस झाले, थोडं थोडं खेळून राहिले. मत अजून झालं न्हाई.” त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. “बसा. एक डाव फुकट.”

आपा गेल्या त्याला आता खूप वर्षं झाली. माझी नात हल्ली मोबाइलवर खेळते आणि हरली की नेटला नावं ठेवते. मी तिला उठवते. पण त्या दुपारचं एवढं सांगून थांबते. विटा पडायला लागल्या. मी पदर कमरेला खोचला. पहिल्या चार नीट बसवल्या, पाचवी वाकडी गेली आणि भराभर सगळं भरत वरपर्यंत आलं. संपलं. मी आपणहून म्हटलं, “घाई केली.”

“हाव,” आपा म्हणाल्या. “मी पण तिथंच मरते. परत लावा.”